क मयत झाल्यावरचं गणित

पुस्तक बैठकीत आणायची कल्पना अप्पारावचीच होती. पुढं त्यानं हे कधी कबूल केलं नाही, पण पुठ्ठ्यावर अंगठ्याचा ग्रीसचा ठसा होता, आणि घरात एवढा मोठा अंगठा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

पित्तर अमावस्या होती. अमावस्येला भट्टी पेटवायची नाही हा नेम, म्हणून शहागडच्या हायवेवरचं कमान-पाट्याचं दुकान बंद. मालट्रकचं ओझं झेलणारे पोलादी पाटे तुटले की बदलून द्यायचे, हा तिघा भावांचा धंदा: अप्पाराव, भुजंग आणि वसंता. वसंता मागल्या वर्षी काविळीनं गेला. आज त्याच्या नावानं पान वाढायचं होतं, आणि त्याआधी त्याच्या बायकोचं, चतुराचं, काय करायचं ते ठरवायचं होतं.

अडचण एवढीच होती की ते ठरवायला जो शब्द लागतो, तो या घरात बंद होता.

या भावांचा बाप रखमाजी. त्यानं तरुणपणी आपल्या भावाबरोबर वाटणी केली होती. शेत झालं, भांडी झाली, शेवटी बैलगाडी उरली. दोघंही हट्टी. रखमाजीनं चाकं घेतली, भावानं वरचा साटा घेतला. पुढची चार वर्षं दोघांनी कापूस डोक्यावरून अंबडला नेला. पाचव्या वर्षी रखमाजीनं जाहीर केलं, की मी जिता असेपर्यंत हा शब्द घरात निघायचा नाही. तेव्हापासून त्याच्या सुना मसालासुद्धा वाटत नसत, बारीक करत.

अप्पारावनं यातून वाट काढली होती. अंबडच्या कोर्टासमोर चहा पिताना त्याला एका जाणकारानं सांगितलं होतं, की भागीदार मेला तर त्यानं घातलेलं भांडवल बायकोच्या हातात ठेवायचं, विषय खतम. वसंतानं तीस हजार घातले होते. ते हप्त्याहप्त्यानं द्यायचे आणि चतुराला तिच्या मुलीसकट पिंपळगाव रेणुकाईला माहेरी पोचवायचं. भुजंगशी बोलणं झालंच होतं. आणि देवानंदच्या पुस्तकात नेमका याच गोष्टीचा धडा होता. देवानंद म्हणजे अप्पारावचा मुलगा, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, अकाउंटमध्ये दोनदा नापास.

"नाना," अप्पाराव म्हणाला, "पोराची ऑक्टोबरची परीक्षा आली. एक गणित अडून राह्यलंय त्याचं. सगळे बसलोच हावोत तर सोडवून टाकू."

"सोडवा की," रखमाजी भिंतीला टेकून म्हणाला. "वड्याला येळ हाय अजून."

देवानंदनं पुस्तक उघडलं. "‘अ, ब आणि क हे नफा-तोटा समान प्रमाणात वाटून घेणारे...’"

बैठक गार पडली. सगळ्यांनी रखमाजीकडं बघितलं.

"कोण म्हणलं?" रखमाजीनं विचारलं.

"पुस्तक, नाना."

"कुठलं पुस्तक?"

"औरंगाबादला छापलेलं."

रखमाजीनं विचार केला. "तिकडं चालत आसंल. वाच."

"‘...भागीदार होते. एकतीस मार्च रोजी क मयत झाला.’"

आत चुलीपुढं चतुरा वडे तळत होती. एक वडा तेलात जरा जोरात पडला.

"कशानं?" रखमाजी म्हणाला.

"काय कशानं?"

"मयत कशानं झाला?"

"ते दिलेलं न्हाई, नाना."

"लेकरंबाळं?"

"न्हाई दिलेलं."

"मंग दिलंय तरी काय?"

"फर्निचर."

"असल्या पुस्तकाला कोण पास व्हईल," रखमाजी म्हणाला. नातवाबद्दलचा त्याचा राग त्या दिवशी निम्म्यानं कमी झाला.

अप्पाराव घाईला आला होता. "फर्निचर काढ. आपले पाटे घाल, भट्टी घाल, म्हंजे तुझ्या डोस्क्यात शिरंल. लिही. भट्टी, घण, मशीन मिळून अठ्ठेचाळीस हजार. माल छत्तीस. ड्रायव्हरांकडून येणं चौदा. गल्ल्यात दहा. लोखंडवाल्याचं देणं अठरा. भांडवल तिघांचं तीस-तीस."

देवानंदनं दोन्ही बाजूंची बेरीज केली. एक लाख आठ हजार. दुसरीकडं एक लाख आठ हजार. त्यानं पुन्हा बेरीज केली. त्याच्या आयुष्यात दोन बाजू कधी पहिल्या फटक्याला जुळल्या नव्हत्या. फरक उरला की तो ‘इतर’ असं लिहून तेवढी रक्कम घालायचा. मागल्या पेपरात त्यानं एका गिरणीच्या ताळेबंदात एकोणनव्वद हजारांचं इतर घातलं होतं, आणि सरांनी त्याच्याभोवती लाल गोल करून ‘हे कोण?’ असं लिहिलं होतं.

"आता सूचना," तो म्हणाला. "‘यंत्रांवर दहा टक्के घसारा आकारा.’ म्हंजे वापरून वापरून वस्तूची किंमत कमी होती, ती काढून टाकायची."

"वापरल्यानं कशी कमी होती?" रखमाजी सरसावला. "मी अठ्ठ्याहत्तर वर्षं स्वतःला वापरून राह्यलो."

"दर साली दहा टक्के धरले तर नाना, तुमचं..."

"गप."

घसारा चार हजार आठशे निघाला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. चतुरा थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नसे. पदर कपाळापर्यंत ओढून, दाराआडून, देवानंदच्या नावानं बोलायचं, अशी रीत होती.

"देवा, तुझ्या पुस्तकातल्या अ ला इचार, माल छत्तीस हजाराचा म्हणतो तो खरेदीच्या भावानं का आजच्या? लोखंड किती वाढलंय?"

भुजंग हसला. "अ ला इचारती बघ! बराबर हाय पण. आज घ्याया गेलं तर त्रेचाळीस हजार आठशेला पडंल."

अप्पारावनंही मान हलवली. आपला माल वाढतो म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? माल सात हजार आठशेनं वाढला, यंत्रं चार हजार आठशेनं घटली. तीन हजार निव्वळ वाढ, तिघांच्या नावावर हजार हजार. क चे एकतीस हजार झाले. एक हजार गेले तर गेले, असं म्हणून अप्पारावनं तोंडात सुपारी टाकली.

"झालं का?"

"ख्याती राह्यली," देवानंद म्हणाला.

"ते काय असतं?"

"दुकानाचं नाव, दादा." अप्पारावला घरात सगळेच दादा म्हणत, पोटचा पोरगासुद्धा. "उद्या दुकान इकाया काढलं, तर घेणारा लोखंडाच्या किमतीवर जे जास्तीचं देतो, ती ख्याती. तिची किंमत काढायची."

"काही किंमत न्हाई," अप्पाराव म्हणाला. त्याला कुठंतरी वास आला होता. "पत्र्याचं शेड आन भट्टी. कसलं नाव?"

अप्पारावला कुठं दुखतं हे भुजंगला लहानपणापासून ठाऊक होतं. का कोण जाणे, त्यानं तिथंच बोट ठेवलं. "बराबर हाय. नाव तर गेवराईच्या कडूबाचं. आपल्याकडं काय, ज्याचा पाटा नेमका इथंच तुटला तो येतो."

"कडूबाचं?" सुपारी अप्पारावच्या तोंडातून उडाली. "अरे, सोलापूरचा ड्रायव्हर तुटक्या पाट्यानं गेवराई ओलांडून, गोदावरीचा पूल रांगत पार करून आपल्या दारात येतो! कडूबाच्या दारातून जातांना हॉर्न मारून जातो! तीन वर्षांमागं वीस हजार नफा व्हता, मंग पंचवीस, मंग सत्तावीस! इचार कडूबाला, त्याचं किती व्हतं!"

"वीस, पंचवीस, सत्तावीस," देवानंद लिहीत म्हणाला. "सरासरी चोवीस. पुस्तक म्हणतं सरासरीच्या दुप्पट. अठ्ठेचाळीस हजार ख्याती."

अप्पारावची छाती फुगली. मग देवानंद म्हणाला, "भागिले तीन. सोळा हजार क चे," आणि छाती आहे त्याच जागी थांबली.

"क चे काय म्हणून? क मेलाय ना?"

"मरायच्या आधी कमावलेलं नाव हाय, दादा. क ची बेरीज: तीस, एक आणि सोळा. सत्तेचाळीस हजार. ते त्याच्या बायकोला."

"पुस्तकात बायको कुठंय?"

"‘वारस’ लिहिलंय."

भुजंगनं खाली बघितलं. सकाळी पानटपरीवर ठरलेल्या तीस हजारांचे सत्तेचाळीस झाले होते. वरचे सतरा त्याच्याही खिशातून जाणार होते. पण त्याच्या डोक्यात एक दुसरंच गणित चालू झालं होतं. चतुरा गेली की दुकानात उरणार दोघं. दोघांत दादा एक बोलणार आणि तेच होणार. वसंता गेल्यापासून तेच होत आलं होतं. तिघं असले तर? तिघांत दोघांचं एकमत झालं, तर तिसऱ्याला सुपारी चघळत बसावं लागतं.

"पोरगं बराबर बोलून राह्यलं," तो म्हणाला.

अप्पारावनं भावाकडं असं बघितलं, जसं तो जॅक निसटलेल्या ट्रककडं बघायचा.

"ख्याती राहू दे," तो नवा डाव मांडत म्हणाला. "अठ्ठेचाळीस हजार. पण ती दुकानाची. कोणाच्याच नावावर नको टाकू."

देवानंदनं तसं मांडून बघितलं. "मालमत्ता होती एक लाख एकोणसाठ हजार. दुसऱ्या बाजूला एक लाख अकरा. अठ्ठेचाळीस हजार कमी पडतेत."

"मंग लिही तुझं ते. इतर."

क्षणभर देवानंदचा हात तिकडं गेला. सवय होती. मग त्यानं पेन टेकवून ठेवलं. "न्हाई, दादा. नाव हाय तर कोणाचं तरी असंल. तिघांनी कमावलं, तिघांच्या नावावर."

नंदाबाई, अप्पारावची बायको, इतका वेळ दाराशी कोथिंबीर निवडत बसली होती. तिला ताळेबंद कळत नव्हता, पण एक गोष्ट तिला फार लख्ख कळली. आज क मेलाय. उद्या अ ला काही झालं तर? नवऱ्याचं पोट, त्याची सुपारी, तंबाखू आणि उन्हाळ्यात भट्टीपुढं चढणारं लाल तोंड तिनं एकदा नीट बघून घेतलं. उद्या भुजंगभाऊजी असंच पुस्तक घेऊन बसले, तर दाराआडून बोलायची पाळी कोणाची?

"देवा," ती म्हणाली, "समजा अ मेला."

"नंदे!" अप्पाराव ओरडला.

"पुस्तकातला. मंग अ च्या बायकोला सोळा हजार मिळतील का न्हाई?"

"मिळतील की, आई. बराबर तेवढेच."

"मंग क च्या बायकोचे कोण कापू नका," नंदाबाई म्हणाली आणि कोथिंबिरीची काडी अशी मोडली की अप्पारावला मान चोळावीशी वाटली.

तिथून गोष्ट भराभर गेली. अप्पाराव पक्का व्यापारी होता. हरणार दिसलं की हप्ते पाडायचे, हे त्याला येत होतं. "बरं, सत्तेचाळीस तर सत्तेचाळीस. वर्षाला चार हजार, बारा वर्षं. म्हंजे अठ्ठेचाळीस हजार. हजार जास्तच देतो! अजून काय पायजे क ला?"

हे ऐकून रखमाजीसुद्धा हलला. हजार जास्त म्हणजे काही कमी नाही. भुजंगनं मान डोलवली. नंदाबाईनं हिशेब करायला बोटं उघडली आणि बारा बोटं नसल्यानं मिटली. देवानंदनं बेरीज तपासली. अठ्ठेचाळीस बरोबर होते.

आणि तेव्हा चतुरा दाराआडून बाहेर आली. हातात झारा तसाच होता. पदर डोक्यावर होता, पण कपाळाच्या वर. तिनं देवानंदकडं बघितलं नाही.

"दादा," ती थेट अप्पारावला म्हणाली, "मी या घरात आले तवा पाटा बसवायची मजुरी साठ रुपये व्हती. आज दीडशे घेता. का?"

अप्पाराव इतका चकित झाला की त्यानं खरं उत्तर दिलं. "महागाई."

"मंग बाराव्या वर्षी तुम्ही मला चार हजार द्याल, त्यात किती पाटे बसतील?"

देवानंद एकदम उठला आणि आतून दुसरं पुस्तक घेऊन आला. वित्त व्यवस्थापन. त्यातही तो नापास होता, पण एकदाच. "हे हाय, काकी! हेच हाय! मला दोन साल कळून न्हाई राह्यलं!" तो शेवटचं कोष्टक काढून बोट फिरवू लागला. "बँक कर्जाला बारा टक्के घेती. बारा टक्के, बारा वर्षं. सहा पॉइंट एकशे चौऱ्याण्णव. गुणिले चार हजार." त्यानं गुणाकार केला, परत केला, आणि बापाकडं अपार आदरानं बघितलं. "दादा, तुमचे अठ्ठेचाळीस हजार म्हंजे आजचे चोवीस हजार सातशे शहात्तर."

"असं कसं? मी तर हजार जास्त देऊन राह्यलो!"

"तुम्ही निम्मे कापले, दादा. बसल्या जागी."

"मला माहीत नव्हतं," अप्पाराव म्हणाला. ते खरं होतं, आणि त्यामुळं त्याला जास्तच राग आला.

रखमाजीनं काठी आपटली. "रोख बोला. गणित रोखीत सुटतं का न्हाई?"

देवानंदनं कोरा कागद घेतला. अ आणि ब नं क ची ख्याती आठ-आठ हजारांनी उचलली. एकतीसमधून आठ गेले, तेवीस उरले, दोघांचे तेवीस-तेवीस. क च्या वारसाचे सत्तेचाळीस. लोखंडवाल्याचे अठरा. दुसऱ्या बाजूला यंत्रं त्रेचाळीस हजार दोनशे, माल त्रेचाळीस हजार आठशे, येणं चौदा, गल्ला दहा. त्यानं डावीकडं रेघ मारली. उजवीकडं रेघ मारली.

एक लाख अकरा हजार. एक लाख अकरा हजार.

"टॅली," तो पुटपुटला. मग ओरडला. "टॅली झालं! दादा, बघा, टॅली झालं! काहीच न घालता!"

अप्पारावचं काय झालं हे त्यालाच नीट कळलं नाही. या पोरानं दोन बाजू जुळवाव्यात म्हणून त्यानं दोन वर्षं मारुतीला तेल घातलं होतं, अंबडला शिकवणी लावली होती, एकदा पायताणही फेकलं होतं. आज जुळल्या. जुळल्या त्या त्याच्याच नरड्यावर. हे चूक आहे म्हणावं, तर पोरगा तिसऱ्यांदा नापास. बरोबर म्हणावं, तर सतरा हजारांना आग.

"दाखव," तो म्हणाला. त्यानं कागद हातात घेतला, ओठ हलवत दोन्ही बाजू स्वतः जोडल्या, मग भुजंगपुढं कागद नाचवला. "बघ! एक रुपया इकडं न्हाई, एक रुपया तिकडं न्हाई! माझ्या पोरानं केलं!"

"म्हंजे बराबर हाय ना?" भुजंगनं शांतपणे विचारलं.

"बिलकुल बराबर हाय!" अप्पाराव गरजला. आणि मग खाली बसला.

भुजंग कागद वाचत राहिला. "दादा, एक सांगू का? तुझे तेवीस, माझे तेवीस. दोघांचे शेहेचाळीस. चतुराचे एकटीचे सत्तेचाळीस. दुकान आता जास्ती कोणाचंय?"

"आन गल्ल्यात दहा हजार," नंदाबाई म्हणाली. "हिला आज द्यायचं म्हणलं तर भट्टी इकावी लागंल."

सगळे चतुराकडं बघू लागले. तेलात विसरलेला वडा काळा पडत होता. सत्तेचाळीस हजार घेऊन ती पिंपळगावला गेली असती तर भावानं वेशीवर बँड लावला असता. पण ती वसंताबरोबर सात वर्षं दुकानाच्या मागं राहिली होती. कुठला पाटा कुठल्या आवाजानं तुटला, हे तिला झोपेत कळायचं. गावाकडं कोणाला काय सांगणार ती, की मला टाटाचा मागचा पाटा आवाजावरून ओळखता येतो?

"देवा, या धड्यात वारसानं पैसे घ्यायलाच पायजेत का?"

"न्हाई, काकी. पुढचा धडा हाय. ‘नवीन भागीदाराचा प्रवेश.’"

"मंग मला त्या धड्यात घाल. क काढ. माझं नाव लिही."

देवानंदनं पान उलटलं. नवा भागीदार येताना ख्यातीतला आपला वाटा जुन्यांना देतो. सोळा हजार, आठ-आठ. तेवीस आणि आठ, एकतीस. तेवीस आणि आठ, एकतीस. सत्तेचाळीसमधून सोळा गेले, एकतीस. त्यानं तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि समोर नावं घातली. अप्पाराव. भुजंग. चतुराबाई.

"म्हंजे मला काही द्यायचं न्हाई?" अप्पारावनं विचारलं.

"काहीच न्हाई, दादा. फकस्त नफा तीन जागी जाणार. आन दुकानात तीन मतं."

अप्पाराव इतका सुटल्यासारखा झाला, की तीन मतं म्हणजे काय, हे त्याला दिवाळीपर्यंत कळलं नाही. भुजंगला तेव्हाच कळलं होतं. त्यानं नवीन भागीदाराला पहिल्यांदा ‘चतुराबाई’ अशी हाक मारली आणि पाणी मागायच्या ऐवजी स्वतः उठून घेतलं.

रखमाजी मात्र बोटं मोजत होता. "तिघांचे एकतीस-एकतीस. आन सुरू केलं तवा?"

"तीस-तीस, नाना."

"कोणी कोणाला पैसा दिला?"

"न्हाई."

"मंग दुपारभर केलं काय तुम्ही? वडे गार करून?"

दोन्ही जुने भागीदार कागदाकडं बघू लागले. उत्तर तिसरीनं दिलं.

"मामा," चतुरा म्हणाली, "आधीचे तिसरे तीस मेलेल्या माणसाचे व्हते. आताचे एकतीस माझे हायेत."

रखमाजीनं सुनेकडं बघितलं. मग काठीनं तिला बस अशी खूण केली.

तिनं आधी वसंताचं पान वाढलं. खीर, वडे, कढी, सगळं नीट. ते वर पत्र्यावर ठेवून आली. मग आणखी एक ताट घेतलं आणि पुरुषांच्या पंगतीत, भुजंगच्या शेजारी, मांडी घालून बसली. नंदाबाईनं एकदा तिच्याकडं, एकदा पातेल्याकडं बघितलं. मग तीही हात धुऊन येऊन बसली. अ ची वारस होण्याआधी एकदा गरम जेवून घ्यावं, असा तिचा विचार होता.

आता वाढायला कोणीच उरलं नाही. देवानंद कागद छातीशी धरून अंगणात फिरत होता. त्याला जेवणाची शुद्ध नव्हती. भुजंग पत्रावळीच्या काड्या सारख्या करू लागला. पोराच्या टॅलीनं अप्पारावच्या अंगात अजून वारं होतं. त्या वाऱ्यातच तो उठला. त्यानं कढीची पळी घणासारखी दोन्ही हातांत धरली आणि पंगतीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. कुठून सुरुवात करायची, हे त्याला कोणी कधी शिकवलं नव्हतं.

"जल्दी, दादा," चतुरा म्हणाली. "उद्या दुकान मला लवकर उघडायचंय."